बाकी

आमच्या दुकानाच्या जुन्या वहीत
सदुसष्ट सालच्या माघातली एक ओळ आहे :
चना, चार पायल्या. डोमाजी गुरव. बाकी.

बाप टाकानं लिहायचा.
त्याच्या ‘बाकी’ची वेलांटी
पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जायची.
त्याला वाटलं, डोमाजीच्या घरी लग्न असेल.
लग्न नव्हतं.

चार दिवसांनी नाल्यापलीकडच्या पडीक वावरात
जमीन फुगली, भेगाळली,
आणि शेंदूर माखलेलं एक डोकं वर आलं
आपोआप.
कोणाचा हात नाही, सब्बल नाही.
“निंघाला जी, देव निंघाला!”
अख्खं बोरगव्हाण अनवाणी धावलं.
बापही धावला.
लोक हात जोडून परतले,
हा बोटं मोजत.
चार पायल्या. खड्डा. रात्रभर पाणी. वर दगड.
भिजला चना गंजावरचं झाकण उचलतो
हे कोणत्या घरच्या बाईला माहीत नाही?

पण बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी दारव्ह्याहून
दोन पोती नारळ आणले त्यानं.
दिवस मावळेपर्यंत एक उरला नाही.
वहीत ते नगदी आहे,
खाली दोनदा रेघ.

आठवड्यानं देवाच्या कमरेभोवती
हिरवे कोंब फुटले.
डोमाजी म्हणे, हा दुसरा चमत्कार.
बाया कोंब खुडून पदराला बांधत.
कोणाला लेकरू पाहिजे होतं,
कोणाची म्हैस आटली होती.
मला विचाराल तर तेवढाच एक खरा :
दगडाखाली दाबलेलं,
लबाडीच्या कामाला जुंपलेलं बी
तरी उगवलं.
त्याच्यावर कोणी कळस चढवला नाही.

यंदा महाराज आले.
पांढरी गाडी, पुढं डीजे, वर ड्रोन.
आदल्या दुपारी त्यांचा चेला दुकानात :
“काका, ग्लिसरीन आहे काय?”
आहे. थंडीत बायांच्या टाचा फुटतात.
“अन् ते जांभळं? ढोराच्या खुराले लावतेत ते?”
तेही आहे.
“टाचा फुटल्या का खूर, महाराजांचे?”
हसला नाही पोरगा.
मोबाइल दाखवला,
गल्ल्यावरच्या डब्यातली बाई ओरडली :
पंच्याण्णव रुपये प्राप्त झाले.
आताचे देव उधारी ठेवत नाहीत,
एवढी सुधारणा मान्य केली पाहिजे.

रात्री होम पेटला.
काडी नाही, कापूर नाही.
महाराजांनी डोळे मिटून पळीभर ‘तूप’ सोडलं.
मी मनात आकडे म्हणत होतो.
सतराला धूर निघाला,
एकोणीसला ज्वाळ, कडेनं जांभळट.
हजार मोबाइल वर झाले.

शेजारी वच्छला इंगोले उभी होती,
लेकाच्या डायलिसिसची फाइल
तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून.
चेहऱ्यावर तोच उजेड, माझ्याच दुकानातला.
“भाऊ, खरं असंन काय हे?”

माझ्या जिभेवर दोन्ही बाटल्यांचे भाव होते.
म्हटलं, “उद्या यवतमाळची तारीख आहे ना?
सहाची गाडी चुकवू नको.”
“जातोच ना. पण हे?”
हे...
तेवढ्यात माणसं नारळ मागायला लागली
आणि मी वळलो.

घरी येऊन वही काढली.
डोमाजी मेला, त्याचा पोरगा पुण्याला गेला,
देवाला आता ग्रॅनाइट बसवलंय.
चार पायल्यांचे पैसे मात्र आलेच नाहीत.
ते कोणाच्या नावावर चढवायचे,
डोमाजीच्या, देवाच्या, की आमच्याच,
हे बापानं ठरवलं नाही.
मी पेन घेऊन बसलो बराच वेळ.
वेलांटी अजून तशीच आहे,
लांब, पुढच्या माणसाच्या डोक्यावर.

दुकान सकाळी साडेपाचला उघडलं आज.
सहाच्या गाडीच्या थांब्यावरून फाइल दिसते.
नारळ आहेत.